जुन्या प्लगइनची बाजू

मंडळी, ‘आउटडेटेड’ या शब्दाचा मला हल्ली फार राग येतो. तो कुणी माझ्याबद्दल वापरला असता तर हसून सोडून दिला असता, पंचाहत्तरीच्या बाईला आणखी काय म्हणणार! पण तो वापरला जातो माझ्या संगणकातल्या एका पेटीबद्दल, आणि वापरणारा माझा सख्खा भाचा आहे. पुण्यात एका स्टुडिओत रेकॉर्डिंगचं काम करतो. कानाचा पक्का आहे, मुलगा गुणाचा आहे. पण “मावशी, तू अजून व्हीएसटी टू वापरते? आणि तेही बत्तीस बिटचं? सोड न आता ते!” असं तो म्हणाला की वाटतं, याला पहिल्या बाकावर बसवावं आणि पूर्ण पस्तीस मिनिटांचा तास घ्यावा. बसत नाही तो. म्हणून इथं लिहिते.

आधी आमच्या नातेवाईक मंडळींसाठी थोडं. (धाकट्या जावेला व्हीएसटी हा जीएसटीचाच कुणी भाऊ वाटला होता.) तुमच्या स्वयंपाकघरातला मिक्सर घ्या. खालचं मोटारीचं धूड एक आणि वरची भांडी तीन: चटणीचं, वाटणाचं, रसाचं. गाणं जोडायचं सॉफ्टवेअर म्हणजे ते खालचं धूड. त्यावर जी भांडी बसवायची ती प्लगइन. एक भांडं पेटीचा आवाज काढतं, एक तबल्याचा, एक गळ्याला देवळाच्या गाभाऱ्यासारखा घुमारा देतं. भांड्याच्या बुडाचा खाचा आणि धुडावरचा दांडा एकमेकांत बसले पाहिजेत, तरच फिरणार. त्या खाचेचं माप म्हणजे फॉरमॅट. व्हीएसटी हे असंच एक माप. आता कल्पना करा, नवीन धूड आणलं आणि तुमच्या आईच्या वेळचं चटणीचं भांडं त्यावर बसेना. भांडं फुटलेलं नाही, पातं बोथट झालेलं नाही. फक्त दांडा बदलला. आणि दुकानदार वर तुम्हालाच म्हणतो, “काय काकू, अजून ते जुनंच भांडं?”

भांडण एवढंच आहे.

आता माझं यात काय अडलंय ते सांगते. मी बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. निवृत्तीनंतर, २००९ पासून, आमच्या शाळेतल्या संगीताच्या बाई आणि मी मिळून मुलांची गाणी करू लागलो. शब्द माझे, चाली त्यांच्या. आमच्या धरमपेठेतल्या घरातच, पुढच्या खोलीत, मुलाचा जुना संगणक, एक चार सप्तकांचा मिडी कीबोर्ड आणि दोन खुर्च्या एवढाच आमचा स्टुडिओ. भर उन्हाळ्यात कूलर बंद करून रेकॉर्डिंग करायचं (कूलरचा आवाज माइकमध्ये येतो हो!) म्हणजे काय, ते नागपूरकरांनाच कळेल. आठ वर्षांत एकेचाळीस गाणी झाली. गल्लीतल्या मुली ती पंधरा ऑगस्टला, सव्वीस जानेवारीला, गणपतीत म्हणायच्या. अजून म्हणतात. संगीताच्या बाई २०१९ साली गेल्या.

त्या गाण्यांतली पेटी वाजवलीय बाईंनी, पण आवाज प्लगइनचा. कुणा हौशी माणसानं करून फुकट वाटलेलं ते बत्तीस बिटचं व्हीएसटी टू प्लगइन होतं. त्याचं नाव-गाव काहीच नव्हतं, एक छोटीशी डीएलएल फाइल, ठराविक फोल्डरमध्ये टाकली की झालं. त्या माणसाचं संकेतस्थळ केव्हाच नाहीसं झालंय. तो हयात आहे की नाही, त्याच्या जवळ मूळ प्रोग्रॅम उरलाय की नाही, देव जाणे. म्हणजे त्या पेटीची ‘नवी आवृत्ती’ निघण्याचा प्रश्नच नाही.

भाचा म्हणतो, “मग दुसरं प्लगइन लाव न. बाईंनी वाजवलेले सूर मिडीत आहेतच, आवाज बदलला की काम झालं. आताची प्लगइनं खऱ्या पेटीसारखी वाजतात.” स्टुडिओत दहा वर्षं काढलेला माणूस असं बोलतो याचं मला आश्चर्य वाटतं. त्यानंच एक नवी, महागडी पेटी लावून दाखवली. आणि बाई घाईत वाजवताहेत असं वाटायला लागलं! लय सुटल्यासारखी, प्रत्येक सूर तबल्याच्या आधी पोचतोय. बाई आणि लय सोडणार? मी दोनदा, तीनदा ऐकलं, तेव्हा उलगडा झाला. त्या जुन्या प्लगइनचा सूर पट्टी दाबल्यावर किंचित उशिरा उमलायचा, भात्यात हवा भरायला वेळ लागावा तसा. बाईंनी दोन दिवसांत ते ओळखलं होतं आणि त्या पट्टी कणभर आधी दाबायच्या. म्हणजे मिडीत जे नोंदलं गेलंय ते त्या विशिष्ट वाद्याशी जुळवून घेतलेलं वाजवणं आहे. वाद्य काढून घेतलं की वाजवणाराच खोटा ठरतो. सगळे सूर ठरावीक अंतरानं मागं सरकवूनही बघितलं. तेही जमत नाही, कारण हळू वाजवताना त्या जास्त आधी दाबायच्या, जोरात वाजवताना कमी. ते गणित त्यांच्या बोटांत होतं, ते आता कुणाला विचारणार?

वाद्य आणि वादक असे सुटे करता येत नाहीत, हे आपल्याकडे पेटी मास्तरांना आणि तंबोरा जुळवणाऱ्यांना शिकवावं लागत नाही. संगणकवाल्यांना मात्र वाटतं की गाणं म्हणजे ‘डेटा’, आणि प्लगइन म्हणजे त्याला घालायचा झगा. जुना फाटला, नवा घाला.

दुसरा उपदेश असा, की सगळं वेव्ह फाइलमध्ये उतरवून ठेवायचं, म्हणजे प्लगइन गेलं तरी आवाज राहतो. उपदेश बरोबर आहे आणि आम्ही तो पहिल्या दिवसापासून पाळलाय. एकेचाळीसही गाण्यांच्या वेव्ह फायली आहेत, तीन ठिकाणी आहेत, त्यातली एक प्रत मुलाकडे बंगळुरात आहे. पण वेव्ह फाइल म्हणजे शिजलेला भात. त्याचे पुन्हा तांदूळ होत नाहीत. यंदा आमच्या गटातल्या मुली लहान आहेत. मूळ गाणं काळी पाचमध्ये आहे आणि यांच्या गळ्याला काळी तीनच्या वर त्रास होतो. जुन्या फाइलमध्ये पेटीचे आणि तबल्याचे सगळे सूर एकदम निवडायचे आणि चार घरं खाली सरकवायचे, अर्ध्या मिनिटाचं काम. तेच वेव्ह फाइलमध्ये करून बघा. पेटी घसा बसल्यासारखी होते आणि तबल्याचा पत्र्याचा डबा होतो. ज्याला गाणं फक्त ऐकायचंय त्याला वेव्ह पुरते. ज्याला ते पुढच्या वर्गाला शिकवायचंय त्याला पुरत नाही. आमची गाणी शिकवायसाठी केली होती.

बरं, हे जुनं फॉरमॅट मोडीत काढलं कुणी? ते आपोआप गंजलं का? तर नाही. त्याचा इतिहास सांगण्यासारखा आहे.

जर्मनीत हॅम्बर्गला स्टाइनबर्ग नावाची कंपनी आहे, क्युबेस आणि न्यूएंडो ही सॉफ्टवेअरं तिचीच. मुंबई-पुण्याच्या स्टुडिओंत ती घरोघरच्या तव्यासारखी आहेत. या कंपनीनं १९९६ साली व्हीएसटी आणलं आणि एक फार शहाणपणाची गोष्ट केली: प्लगइन कसं बनवायचं याचा आराखडा इतरांना देऊन टाकला. १९९९ साली दुसरी आवृत्ती आली, तिच्यात नुसत्या आवाजावर संस्कार करणारी नव्हे तर स्वतः वाजणारी वाद्यंही प्लगइन म्हणून करता येऊ लागली. मग काय, जगभरच्या हौशी लोकांनी रात्री जागून हजारो वाद्यं केली आणि फुकट वाटली. त्यातच आमची पेटी. व्हीएसटी टू मोठं झालं ते या लोकांच्या फुकट कष्टांवर, आणि क्युबेसचा बाजारही त्यानंच मोठा झाला, हे विसरायचं नाही.

२००८ च्या जानेवारीत व्हीएसटी थ्री आलं. येऊ द्या, चांगलं आहे. पण प्लगइन करणारे तिकडं फिरकेनात, कारण जुनं उत्तम चालत होतं. मग कंपनीनं २०१३ च्या शेवटी जुन्याची देखभाल थांबवली. तीही एक वेळ ठीक. पण २०१८ च्या ऑक्टोबरपासून तिनं व्हीएसटी टूचा परवाना नव्या कुणालाही देणं बंद केलं. ज्यांनी आधी करार केला होता त्यांनी चालवावं, नव्यानं येणाऱ्याला दार बंद. आणि २०२२ च्या जानेवारीत जाहीर केलं की चोवीस महिन्यांच्या आत आमची सॉफ्टवेअरं फक्त व्हीएसटी थ्री घेतील.

माझा आक्षेप नेमका २०१८ च्या निर्णयावर आहे. देखभाल थांबवणं समजू शकते, कंपनीला दोन चुली पेटत्या ठेवायला परवडत नसेल. पण आपण चूल विझवली म्हणून शेजाऱ्यालाही ती पेटवू द्यायची नाही? त्या दिवसापासून परिस्थिती अशी, की आमच्या नागपुरातल्या एखाद्या इंजिनीयरिंगच्या पोरानं ठरवलं, आपण जुनी प्लगइनं चालवणारं एक छोटंसं सॉफ्टवेअर करू, तर त्याला त्या आराखड्याचा परवाना मिळत नाही. लोकांनी मग आराखड्याकडे न बघता, बाहेरून ठोकून-ठाकून, आपापल्या पट्ट्या तयार केल्या. मुक्त सॉफ्टवेअरवाल्या मंडळींनी असंच केलं म्हणून आज कितीतरी जुनी प्लगइनं जिवंत आहेत. पण स्वतःच्या घराच्या किल्लीसाठी चोरासारखं मेण लावून ठसा घ्यावा लागावा, हे काही भूषण नाही.

बाकीचेही धुतल्या तांदळासारखे नाहीत. प्रो टूल्सनं २०१३ साली अकराव्या आवृत्तीत आपली टीडीएम आणि आरटीएएस ही दोन्ही जुनी मापं एका झटक्यात बंद केली. ॲपलनं २०१९ च्या ऑक्टोबरात कॅटलिना काढलं, त्या दिवसापासून मॅकवर बत्तीस बिटचं काहीही चालत नाही, प्लगइन असो नाहीतर आणखी काही. मायक्रोसॉफ्टला एरवी सगळे शिव्या देतात, मीही देते, पण विंडोज अकरावरसुद्धा बत्तीस बिटचे जुने प्रोग्रॅम चालतात. ज्याचं माप त्याच्या पदरात घालावं.

हे सगळं वाचताना मला आठवते ती आकाशवाणी आणि पेटी. प्लगइनच्या भाषेत ज्या सॉफ्टवेअरमध्ये प्लगइन बसतं त्याला ‘होस्ट’ म्हणतात, म्हणजे यजमान. १९४० साली आपल्या देशातल्या सर्वांत मोठ्या यजमानानं, म्हणजे ऑल इंडिया रेडिओनं, पेटीला आपल्या घरात बंदी केली. कारणं खोटी नव्हती. पेटीत मींड निघत नाही, तिचे सूर ठोकळ्यासारखे पक्के, श्रुती तिच्यात बसत नाहीत, हे सगळं खरंच आहे. पण म्हणून काय झालं? गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी जिच्यावर आयुष्य वेचलं ती पेटी देवळातल्या भजनात, नाटकात, गायकाच्या साथीला, घराघरात वाजतच राहिली. भजनी मंडळांना कुणी पत्र पाठवून कळवलं नाही की तुमच्या पेटीची मुदत संपली. शेवटी १९७१ साली, तीसेक वर्षांनी, बंदी अटींवर का होईना उठली, आणि पेटी तेव्हाही तिथंच होती, वाट बघत. समजा १९४० सालची पेटी रेडिओच्या परवान्यावर वाजत असती तर? १९७१ साली उठवायला बंदी उरली असती, पेटी उरली नसती.

तसंच आपल्या संगीत नाटकातल्या ऑर्गनचं. बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी १९१३ ची. त्या काळापासून पायानं भाता मारायचा तो ऑर्गन म्हणजे मराठी नाट्यसंगीताचा श्वासच होऊन बसला. असले ऑर्गन करणारी अमेरिकेतली एस्टी ही केवढी मोठी कंपनी, लाखो वाद्यं केली तिनं, आणि १९६० साली बंद पडली. म्हणून त्या वाद्यांचे सूर बंद पडले का? भात्याचं कातडं फाटलं तर आपला मिस्तरी नवं लावतो, सुराची पट्टी बसली तर घासून जुळवतो. ऑर्गन उघडता येतो, आत बघता येतं. करणारा मेला तरी दुरुस्त करणाऱ्याला कुणाची परवानगी लागत नाही. ‘जुनं’ आणि ‘निकामी’ या दोन शब्दांत जो फरक आहे तो नेमका इथं आहे, आणि संगणकवाल्यांनी तो पुसून टाकलाय.

भाचा यावर म्हणतो की मावशी, व्हीएसटी थ्री खरंच चांगलं आहे, तुझा उगाच आकस. मी कुठं नाही म्हणते? आवाज नसेल तेव्हा ते प्लगइन स्वस्थ बसू शकतं, संगणकावर भार टाकत नाही. एका आवाजाच्या इशाऱ्यावर दुसरा आवाज दाबायची सोय त्यात नीट केलीय. एकेका सुराला वेगळं वळण देता येतं, जे आपल्या संगीताला फार उपयोगी पडावं. २०२५ च्या ऑक्टोबरात तर स्टाइनबर्गनं व्हीएसटी थ्रीचा आराखडा एमआयटी परवान्याखाली अगदी मोकळा केला, कुणीही घ्या, कुणाला विचारू नका. मी मनापासून टाळ्या वाजवते. (भाच्यानं ही बातमी मला विजयी मुद्रेनं पाठवली होती, जणू वाद संपला.) अरे, पण मोकळं केलं ते नवं! जुन्याला हेच औदार्य २०१८ साली दाखवलं असतं तर कंपनीचं काय गेलं असतं? तिला तर ते नकोच होतं. आपल्याला नको असलेलं माप लोकांना देऊन टाकण्याऐवजी कपाटात कुलूपबंद करायचं, ही वृत्ती मला कळत नाही. आणि हा मोकळेपणा आपोआप आला असंही नाही. २०२२ च्या जूनमध्ये बिटविग आणि यू-ही या दोन कंपन्यांनी क्लॅप नावाचं नवं, कुणाच्याही परवानगीवाचून चालणारं माप आणलं होतं. शेजारी पाणपोई उघडली की विहिरीवाल्याचं मन मोठं होतं, हा आपल्याकडचाही अनुभव आहे.

एक गोष्ट तर भाच्यालाही मान्य करावी लागली. एकाच प्लगइनची व्हीएसटी टू आणि व्हीएसटी थ्री अशी दोन रूपं असली, तरी जुन्या गाण्याची फाइल उघडल्यावर नवं रूप जुन्याच्या जागी आपणहून बसेलच असं नाही. ती सोय प्लगइन करणाऱ्यानं मुद्दाम ठेवावी लागते. न ठेवली तर प्रत्येक गाणं उघडून, प्रत्येक खुंटी पुन्हा जुळवायची. ज्यांचा कर्ता हयात आहे त्यांची ही गत. अनाथांचं काय बोलायचं!

आणि जुनं सांभाळून नवं करता येत नाही असं जे सांगतात त्यांना मी मिडी दाखवते. रोलँड, यामाहा, कॉर्ग, कावाई, सीक्वेन्शियल अशा एकमेकांच्या उरावर बसणाऱ्या कंपन्यांनी एकत्र येऊन १९८३ साली ते माप ठरवलं. आज त्याला चाळीस वर्षं उलटून गेली. १९८३ चा कीबोर्ड योग्य तारेनं आजच्या संगणकाला जोडा, वाजतो. २०२० साली मिडीची दुसरी आवृत्ती ठरली, तीसुद्धा पहिलीशी बोलता येईल अशीच. यात गंमत अशी, की या यादीत यामाहा आहे, आणि २००५ पासून स्टाइनबर्ग कुणाच्या मालकीची आहे? यामाहाच्याच! एकाच घरात थोरल्यानं पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवहार पाळला आणि दत्तक आलेल्यानं कुळांना नोटिसा धाडल्या.

आपण मराठी लिहिणाऱ्यांना हे दुखणं नवीन नाही. कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी हे फाँट आठवतात ना? शाळेच्या वार्षिकाच्या मजकुराची सीडी आज उघडली तर मुलांच्या कवितांऐवजी इंग्रजी अक्षरांचा कोलदांडा दिसतो. त्यावर इलाज निघाला तो युनिकोडनं. युनिकोडवाल्यांनी आपल्यावर एक बंधन घालून घेतलंय, की एकदा अक्षराला जागा दिली की ती काढायची नाही आणि हलवायचीही नाही. आपला ‘ळ’ जिथं आहे तिथंच राहणार, मग तो जगात कितीही थोडे लोक वापरोत. ‘ळ’ आउटडेटेड झालाय असं कुणी जाहीर करणार नाही. अक्षराला मिळालेलं हे अभय सुराला का नको?

सुरक्षिततेचा मुद्दा राहिला. जुन्या फायलींतून व्हायरस येतात, जुनं विंडोज धोक्याचं, वगैरे. खरं आहे. विंडोज दहाचा साधा आधारसुद्धा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पण माझा जुना संगणक इंटरनेटला जोडलेलाच नाही. त्याची तार मी काढून टाकलीय. त्याच्यावर बँक नाही, मेल नाही, काही नाही, फक्त गाणी. चोरानं यायचं कुठून? आणि चोरायचं काय, तर मुलांची एकेचाळीस गाणी? नेली तर म्हणो बापडा.

आता कामाचं. ज्या सॉफ्टवेअरवर आम्ही गाणी केली त्याच्या नव्या आवृत्तीनं आमची पेटी घ्यायला नकार दिला (नाव घेत नाही, उगाच कशाला). तेव्हा मी रीपर घेतलं. विनॅम्प करणाऱ्या जस्टिन फ्रँकेलचं हे सॉफ्टवेअर. विनॅम्प आठवतं ना, आपण सगळ्यांनी त्यावर गाणी ऐकलीत! रीपर विंडोजवर बत्तीस बिटची जुनी प्लगइनं मधे एक पूल टाकून चालवतं, व्हीएसटी टू घेतं, थ्री घेतं, क्लॅपही घेतं. किंमत माझ्या पेन्शनला झेपेल अशी. म्हणजे यजमानानं मनात आणलं तर पाहुण्याला घरात घेता येतं, आणि एवढंसं सॉफ्टवेअर असूनही घेता येतं. मोठ्यांना जमत नाही असं सांगू नका. त्यांना नकोय, असं सांगा.

सध्या मी एकेका गाण्याचे सूर मिडीत वेगळे काढतेय, प्रत्येक गाण्यात कुठली खुंटी किती पिळली होती ते वहीत हातानं लिहून ठेवतेय, आणि पेटीच्या प्लगइनचा प्रत्येक सूर हळू, मध्यम, जोरात असा तीनदा वाजवून वेव्हमध्ये घेतेय. चार सप्तकांचे अठ्ठेचाळीस सूर, तीन तऱ्हा. उद्या कुणी त्यांतून नव्या मापाची पेटी बांधली तर सूर उशिरा उमलण्यासकट बांधता यावी म्हणून. भाच्यानं बांधून द्यायचं कबूल केलंय. “पण मावशी, मी व्हीएसटी थ्रीच करणार,” म्हणाला. कर बाबा. आणि क्लॅपपण कर.

तोवर एक विनंती. दिवाळीच्या साफसफाईत जुने संगणक कबाड्याला जातात, धरमपेठेत तर मी स्वतः हातगाड्यांवर रचलेले पाहिलेत. २००५ ते २०१५ च्या दरम्यान ज्यांच्या घरी कुणी गाणी-बिणी जोडली असतील त्यांनी तो डबा देण्याआधी मला फोन करावा. प्रोग्रॅम फाइल्समध्ये ‘व्हीएसटीप्लगइन्स’ अशा नावाचं फोल्डर असतं, किंवा गाण्याच्या सॉफ्टवेअरच्या फोल्डरच्या पोटात. त्यातल्या डीएलएल फायली जशाच्या तशा हव्यात, नावं बदलू नका. गोकुळपेठ, रामनगर, शंकरनगरपर्यंत मी स्वतः पेनड्राइव्ह घेऊन येते. लांबच्यांनी कुणाच्या हाती पाठवला तरी चालेल. चहा नको, सध्या साखर बंद आहे.